१३०व्या क्रमांकावरचे दोन देश

संयुक्त राष्ट्रांच्या २०२५ सालच्या मानव विकास अहवालात भारत आणि बांगलादेश हे दोन्ही देश १९३ देशांमध्ये १३०व्या क्रमांकावर आले आणि दोघांचा निर्देशांकही ०.६८५ असा तंतोतंत सारखा निघाला. यावरून दोन्हीकडच्या सामान्य माणसाचे जगणे एकाच दर्जाचे आहे असे लिहावे का, आणि तसे नसेल तर ते कुठे अधिक चांगले आहे हे कशावरून ठरवावे, असे पुण्याच्या एका विद्यार्थिनीने लघुप्रबंधाच्या तयारीत विचारले आहे. माझी सव्वीस वर्षे घरोघर जाऊन केलेल्या आरोग्य आणि पोषण पाहण्यांत गेली. त्यांतली बरीचशी नंदुरबार, बीड, परभणी आणि यवतमाळ जिल्ह्यांत गेली, आणि २०११ ते २०१४ ही तीन वर्षे बांगलादेशाच्या उत्तरेकडच्या कुडीग्राम जिल्ह्यात. त्यामुळे उत्तर देताना मी तक्त्यांइतकीच पाहिलेल्या अंगणांवरही विसंबणार आहे, आणि हे उत्तर एका ओळीत मावणारे नाही.

आधी तो ०.६८५ उघडून पाहा. आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न या तीन गोष्टींवर तो बेतलेला आहे आणि त्यातली आकडेवारी २०२३ सालची आहे. बांगलादेशात अपेक्षित आयुर्मान ७४.७ वर्षे आहे, भारतात ७२.०. प्रौढांनी शाळेत काढलेली सरासरी वर्षे भारतात ६.९ आणि बांगलादेशात ६.८, म्हणजे सारखीच. पण आज शाळेत पाऊल टाकणारे मूल किती वर्षे शिकेल हा अंदाज भारतासाठी १३.० आणि बांगलादेशासाठी १२.३ असा आहे. किमतींतला फरक जमेस धरून काढलेले दरडोई वार्षिक उत्पन्न भारतात ९,०४७ डॉलर आणि बांगलादेशात ८,४९८ डॉलर. म्हणजे भारताच्या पारड्यात वर्षाला ५४९ डॉलर आणि थोडी जास्त शाळा, बांगलादेशाच्या पारड्यात आयुष्याची जवळजवळ पावणेतीन वर्षे, आणि काटा मधोमध. आयुष्याच्या एका वर्षाची बरोबरी किती डॉलरशी करायची हे निर्देशांकाच्या सूत्रातच गुपचूप ठरून गेलेले असते, आणि ते ठरवताना ना कुडीग्रामच्या बाईला विचारलेले असते ना नंदुरबारमधल्या धडगावच्या.

दुसरे मोजमाप हाती घेतले की काटा लगेच हलतो. २०२४ च्या बहुआयामी दारिद्र्याच्या तक्त्यात भारतातले १६.४ टक्के लोक गरीब ठरतात आणि बांगलादेशातले २४.६ टक्के. या मोजणीत चुलीत काय जळते, घराच्या भिंती आणि जमीन कशाची आहे, असल्या गोष्टींना वजन असते, आणि तिथे बांगलादेश मागे पडतो. आपल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९–२१) ५८.६ टक्के घरांत गॅस किंवा तत्सम स्वच्छ इंधनावर स्वयंपाक होत होता; बांगलादेशात त्या काळात हे प्रमाण याच्या निम्म्याहूनही कमी होते. कुडीग्रामला मी राहत होते त्या घरात पाटकाड्या जळत, म्हणजे ताग सोलून उरलेल्या काड्या. त्या भुर्रकन पेटतात आणि तितक्याच लवकर विझतात, त्यामुळे भात शिजेपर्यंत चुलीपुढून हलता येत नाही. हा धूर मानव विकास निर्देशांकात कुठेही दिसत नाही.

केवळ दरडोई उत्पन्नावर तर अजिबात विसंबू नका. ऑक्टोबर २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अंदाजात बांगलादेशाचे दरडोई उत्पन्न १,८८८ डॉलर आणि भारताचे १,८७७ डॉलर दिसले, तेव्हा आपल्याकडे वाहिन्यांवर चार दिवस गदारोळ चालला. ते आकडे बाजारातल्या विनिमय दराचे होते, आणि त्यात टाळेबंदीने आपली अर्थव्यवस्था आक्रसलेली होती. पुढे २०२२ च्या सुरुवातीला एका डॉलरला ८६ टका मिळत होते, ते दोन-अडीच वर्षांत ११७ च्या वर गेले. तेवढ्याने कुणाच्या ताटातला मासा एका रात्रीत कमी झाला नाही, पण तक्ता मात्र पालटला.

माझे म्हणणे असे आहे की ‘कोणत्या देशात जगणे चांगले’ हा प्रश्न विचारण्याआधी ‘कोणाचे आणि कोणत्या वयाचे’ हे विचारावे लागते, कारण या दोन देशांनी वेगवेगळ्या वयांच्या माणसांना वेगवेगळ्या गोष्टी दिल्या आहेत. लहान मुलापाशी बांगलादेशाची बाजू वरचढ आहे. सोळा वर्षांच्या मुलीपाशी ती उलटते. पंचविशीतल्या बाईपाशी आली की मला स्वतःलाच ठामपणे सांगता येत नाही, आणि पन्नाशीतल्या आजारी माणसापाशी ती पुन्हा भारताकडे झुकते, तीही सगळ्या भारताकडे नव्हे.

लहान मुलांपासून सुरुवात करू, कारण तिथे आकडे सर्वांत चांगले आहेत आणि चुकाही तिथेच सर्वांत जास्त होतात. १९९० मध्ये पाच वर्षांखालील बालमृत्यू बांगलादेशात भारतापेक्षा जास्त होते: हजार जन्मांमागे तिकडे १४० च्या वर, इकडे १२५ च्या आसपास. आता बांगलादेशाच्या २०२२ च्या पाहणीत हा आकडा ३१ आहे आणि आपल्या पाचव्या कुटुंब पाहणीत ४१.९. एवढे वाचून कुणी ‘अकराचा फरक’ असे लिहून मोकळे होईल. पण आपलीच नमुना नोंदणी पद्धती २०२० सालासाठी भारताचा आकडा ३२ देते, म्हणजे फरक जवळपास पुसला गेला. दोन्ही आकडे खरे आहेत. घरोघरच्या पाहणीत आईला तिची सगळी बाळंतपणे विचारून मागच्या पाच वर्षांचा दर काढतात, तर नोंदणी पद्धतीत निवडलेल्या गावांतले जन्ममृत्यू त्या-त्या वर्षी टिपले जातात. तुलना करताना पाहणीसमोर पाहणी आणि नोंदणीसमोर नोंदणी ठेवायची, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. लघुप्रबंधांत तो सर्रास मोडला जातो आणि परीक्षकही सोडून देतात.

मृत्युदरातले अंतर आता कमी उरले असले तरी वाढ खुंटलेल्या मुलांच्या बाबतीत ते स्पष्ट आहे. वयाच्या मानाने उंची फार कमी असलेल्या पाच वर्षांखालील मुलांचे प्रमाण भारतात ३५.५ टक्के आणि बांगलादेशात २४ टक्के. ही उंची कशी मोजतात ते एकदा पाहिले पाहिजे. दोन वर्षांखालच्या मुलाला लाकडी फळ्यावर आडवे निजवून, एकीने डोके वरच्या पट्टीला टेकवून धरायचे, दुसरीने गुडघे हलकेच दाबून सरकती पट्टी तळव्यांना लावायची, आणि मूल रडण्याच्या आत आकडा मोठ्याने वाचायचा. दोन वर्षे पूर्ण झालेले मूल उभे मोजतात, आणि त्या वयाच्या मुलीची उंची साधारण ७९ सेंटिमीटरच्या खाली असली तर ती खुजी ठरते. धडगावच्या एका पाड्यावर अशी ७८ सेंटिमीटरची मुलगी निघाली, तेव्हा तिची आई मला म्हणाली, “बारीक नाही हो ती, आम्ही सगळी अशीच आहोत.” खुजेपणाची अडचण हीच आहे की शेजारची सगळी मुले तशीच असली की तो डोळ्यांना दिसत नाही. कुडीग्राममध्येही अशी मुले आम्हांला पुष्कळ सापडली, तो त्या देशातल्या सर्वांत गरीब जिल्ह्यांपैकी एक आहे; फरक इतकाच की आजीच्या, आईच्या आणि मुलाच्या पिढीत तिथले प्रमाण ज्या वेगाने घसरले, तो वेग आपल्याला गाठता आला नाही.

याची कारणे विचाराल तर मी दोन गोष्टींकडे बोट दाखवीन, आणि दोन्ही पैशाने विकत घेण्यासारख्या नाहीत. पहिली जलसंजीवनी, म्हणजे जुलाबांत पाजायचे मीठ-साखरेचे पाणी. हिचा शोध आणि प्रसार मुळात बंगालच्या भूमीत झाला. ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत साठच्या दशकात तिच्यावर काम झाले, आणि १९७१ च्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाइन संपल्यावर मीठ-साखरेचे द्रावण पाजून कॉलऱ्याचे रुग्ण वाचवले. पण ते घराघरात नेले ब्रॅक या संस्थेने, जी फजले हसन आबेद यांनी १९७२ मध्ये स्थापन केली. १९८० ते १९९० या दहा वर्षांत तिच्या कार्यकर्त्या एक कोटीहून अधिक घरांत गेल्या आणि प्रत्येक आईला शिकवले: तीन बोटांच्या चिमटीत मावेल तेवढे मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. शिकवणाऱ्या बाईचे मानधन तिने किती घरे केली यावर नव्हते. काही दिवसांनी दुसरी बाई येऊन आईला किती आठवते ते तपासायची, आणि त्यावर मानधन ठरायचे. सरकारी योजना कशा चालतात हे ज्याने जवळून पाहिले आहे, त्याला या एका अटीचे मोल वेगळे सांगायला नको.

कुडीग्रामला ब्रह्मपुत्रेतल्या एका चरावर, म्हणजे नदीने टाकलेल्या वाळूच्या बेटावर, मी एका साठीच्या बाईला विचारले होते की नातवाला जुलाब लागले तर काय करता. तिने उत्तर शब्दांत दिलेच नाही. उजव्या हाताची तीन बोटे जुळवून चिमूट दाखवली, मग मूठ वळवून दाखवली, आणि तांब्याकडे हात केला. तीस वर्षांपूर्वी शिकलेले हातातच राहून गेले होते. त्याच वर्षी सुटीवर आले असताना यवतमाळच्या एका गावात हाच प्रश्न विचारला, तर मिळालेले उत्तर होते, “डॉक्टरकडे नेतो, सुई टोचली की थांबते.” आपल्याकडे आशाताई पुडी देतात, ती पुडी चांगलीच असते, पण पुडी संपली की काय करायचे हे अनेक घरांत कुणी हाताला शिकवलेले नसते.

दुसरी गोष्ट संडासाची. बांगलादेशात १९९० मध्ये सुमारे एकतृतीयांश लोक उघड्यावर जात होते, २०१५ पर्यंत ते प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. आपल्या २०१५–१६ च्या पाहणीत ३९ टक्के घरांना संडास नव्हता आणि २०१९–२१ मध्येही १९.४ टक्के घरांना नव्हता. बांगलादेशातला संडास पाहिला तर आपल्याकडचा माणूस नाक मुरडील. सिमेंटची चार-पाच कडी जमिनीत एकावर एक बसवलेली, वर एक फरशी, भोवती बांबूचा कुड किंवा जुने गोणपाट. तो स्वस्त असतो, भरला की दुसरा खड्डा खणतात किंवा तोच उपसतात. आपल्याकडे शोषखड्ड्याचा संडास लोकांना नको असतो, कारण तो उपसणार कोण हा प्रश्न येताच जात आडवी येते. म्हणून मग कधीच भरू नये इतकी मोठी सेप्टिक टाकी हवी असते, तिला पैसे लागतात, आणि पैसे येईपर्यंत मंडळी डबा घेऊन शेताकडे जातात. राजशाहीजवळच्या मसमइल गावात १९९९–२००० च्या सुमारास अनुदान न देता गावानेच हागणदारी बंद करण्याची पद्धत सुरू झाली आणि पुढे ती महाराष्ट्रातही आणली गेली. त्याच सुमारास आपल्याकडे संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले होते, आणि त्याने बऱ्याच गावांचा कायापालट केला हे मी स्वतः पाहिले आहे. पण गावाला पुरस्कार मिळाल्यावर दोन वर्षांनी तिथे पुन्हा जाऊन संडासात सरपण रचलेले पाहण्याचा अनुभवही माझ्या गाठीशी आहे.

बांगलादेशाचे गोडवे गाताना मात्र जपून राहावे लागते. कुपनलिकांची गोष्ट त्यासाठी पुरेशी आहे. तळ्याचे पाणी पिऊन मुले दगावतात म्हणून सत्तरच्या दशकापासून तिथे घरोघर हातपंप बसवले गेले, आणि नव्वदच्या दशकात ग्रामीण भागातल्या ९७ टक्के लोकांना सुरक्षित पाणी मिळते असे अहवालांत अभिमानाने छापले जाऊ लागले. १९९३ मध्ये चापाई नवाबगंज भागात त्या पाण्यात आर्सेनिक सापडले. पुढच्या तपासण्यांत साडेतीन कोटींच्या आसपास लोक लिटरमागे ५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त आर्सेनिकचे पाणी पीत असल्याचा अंदाज आला, आणि ‘सुरक्षित पाण्या’चा तो ९७ चा आकडा ८० च्या घरात उतरवावा लागला. चांदपूर जिल्ह्यातल्या मतलब या ठिकाणी (नावावर हसू नका, लोकसंख्याशास्त्रात या भागाइतका बारकाईने मोजलेला दुसरा भाग सापडणे कठीण) मी लाल रंग दिलेले हातपंप पाहिले. लाल म्हणजे पिऊ नका, हिरवा म्हणजे प्या. एका अंगणातला लाल रंग उडून खालचे लोखंड दिसू लागले होते आणि बाई तिथेच हंडा भरत होती. हिरवा पंप दुसऱ्या वाडीत आणि ती वाडी तिच्या दिराशी वैर असलेल्यांची होती. पाण्यात वास नाही, रंग नाही, चव नाही, आणि त्वचेवर डाग उमटायला वर्षे लागतात. जगण्याचा दर्जा मोजणाऱ्या कोणत्याही आकड्याकडे पाहताना तो हंडा आठवावा, असे मी माझ्या हाताखालच्या मुलींना सांगत असे.

आता मुलगी सोळा वर्षांची होते. वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठरा वर्षांच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण भारतात २००५–०६ मध्ये ४७ टक्के होते, ते २०१९–२१ मध्ये २३.३ टक्क्यांवर आले. बांगलादेशात ते आजही ५० टक्क्यांच्या आसपास आहे. मुलींना माध्यमिक शाळेत टिकवण्यासाठी १९९४ पासून देशभर विद्यावेतन देणारा, आणि शाळेच्या पटावर मुलींची संख्या मुलांइतकी किंबहुना जास्त करून दाखवणारा हा देश, आणि तिथे दर दोन मुलींमागे एकीचे लग्न कायद्याच्या वयाआधी होते! मी एका वडिलांना विचारले तेव्हा ते म्हणाले की मुलगी शिकली तर चांगले स्थळ येते, म्हणून शिकवली. स्थळ आले, म्हणून लग्न केले. त्यात त्यांना काहीच विसंगत वाटत नव्हते.

इथे सीमारेषा फसवते. पश्चिम बंगालमध्ये हेच प्रमाण ४१.६ टक्के आहे, म्हणजे भारताच्या सरासरीपेक्षा बांगलादेशाच्या जवळ. आणि आपण महाराष्ट्रातल्यांनी नाक वर करण्याचे कारण नाही. राज्याची सरासरी २१.९ टक्के असली तरी बीड जिल्ह्यात ४३.७ टक्के आणि परभणीत ४८ टक्के. ऊसतोडीला जाताना मुकादम कोयत्यावर उचल देतो, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या पोराला अर्धा कोयता मिळतो, म्हणून हंगामाआधी त्याचे लग्न उरकतात. मागे गावात राहिलेल्या मुलीची राखण कोणी करायची म्हणून तिचेही उरकतात. बीडच्या एका पाहणीत दिवाळीनंतर आम्ही गेलो तर यादीतल्या जवळपास निम्म्या घरांना कुलपे होती. अशी घरे ‘प्रतिसाद नाही’ या रकान्यात जातात, आणि जगणे ज्यांचे सर्वांत हलाखीचे त्यांचाच आकडा सरासरीतून गळतो. हा दोष दोन्ही देशांच्या पाहण्यांत आहे.

पंचविशीतल्या बाईबद्दल बोलताना बांगलादेशाचा तयार कपड्यांचा उद्योग टाळता येत नाही. सुमारे चाळीस लाख लोक तिथे काम करतात आणि त्यांत बहुसंख्य बाया आहेत. कुडीग्राम, रंगपूर, गाइबांधा या उत्तरेकडच्या जिल्ह्यांतून मुली सावार आणि गाझीपूरला जातात. मी तिथे होते तेव्हा मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सोय नुकतीच सुरू झाली होती, आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बाजारातल्या त्या दुकानापुढे म्हाताऱ्या आयांची रांग लागायची. स्वतःच्या नावाची कमाई असलेल्या मुलीचा घरातला आवाज वेगळा असतो. ज्या घरात मोठी मुलगी शिवणकामाला गेली त्या घरात धाकटीची शाळा टिकायची, हे आमच्या प्रश्नावलीबाहेर आम्हांला दिसत होते. आणि मग २४ एप्रिल २०१३ चा दिवस आला. सावारची राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळून १,१३४ माणसे मेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले सगळ्यांनी पाहिले होते. आम्ही काम करत होतो त्या गावातल्या सात घरांतल्या मुली सावारला होत्या. दोन दिवस कोणी प्रश्नावलीला उत्तर दिले नाही आणि आम्हीही विचारले नाही. सातही जणी दुसऱ्या कारखान्यांत होत्या आणि वाचल्या. त्यांतल्या पाच जणी महिन्याभरात पुन्हा कामावर गेल्या. डिसेंबर २०२३ पासून किमान वेतन महिन्याला १२,५०० टका झाले. २०२३ च्या आंदोलनात कामगारांची मागणी २३,००० ची होती.

आपल्याकडे हे आकडे कसे वाचायचे? पंधरा वर्षांवरील स्त्रियांचा श्रमसहभाग भारतात २०१७–१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३–२४ मध्ये ४१.७ टक्के झाला, म्हणजे बांगलादेशाच्या २०२२ मधल्या ४२.७ टक्क्यांच्या अगदी जवळ. पण आपल्या या वाढीत घरच्या शेतात किंवा घरच्या धंद्यात राबणाऱ्या, हातात मजुरी न पडणाऱ्या बायांचा वाटा मोठा आहे. बांगलादेशातही खेड्यात तेच चित्र आहे. ‘काम करते’ या एका उत्तरात सावारची मशीनवाली आणि घरची गाय सांभाळणारी या दोघी मावतात. म्हणून मी म्हटले की या वयापाशी मला ठाम निवाडा देता येत नाही.

आजारपणाचे उत्तर मात्र सरळ आहे. एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांच्या खिशातून थेट जाणारा वाटा बांगलादेशात २०२० मध्ये ६८.५ टक्के होता, भारतात २०१९–२० मध्ये ४७.१ टक्के. रुग्णालयात होणारी बाळंतपणे भारतात ८८.६ टक्के आणि बांगलादेशात ६५ टक्के. आणि त्या देशात एकूण बाळंतपणांपैकी ४५ टक्के सिझेरियनने होतात, बहुतेक खासगी दवाखान्यांत, आपल्या २१.५ टक्क्यांच्या दुपटीहून जास्त. मोठा आजार निघाला की ज्याला परवडते तो बांगलादेशी माणूस कोलकाता, चेन्नई किंवा वेल्लोर गाठत असे. ऑगस्ट २०२४ मधल्या सत्तांतरानंतर व्हिसा आटले आणि कोलकात्याच्या रुग्णालयांभोवतीची खाणावळ-लॉजची दुकाने ओस पडली. आपल्याकडेही ही सोय सगळीकडे सारखी नाही. मोठ्या रुग्णालयाचे वेल्लोर भारतात आहे तसा बिहारमधला किशनगंजसारखा मागास जिल्हाही भारतातच आहे.

वादळे आणि हवा यांबद्दल थोडक्यात सांगते. नोव्हेंबर १९७० च्या भोला चक्रीवादळात तीन ते पाच लाख माणसे गेली, १९९१ मध्ये सुमारे एक लाख चाळीस हजार, २००७ च्या सिडरमध्ये साडेतीन हजारांच्या आत, आणि २०२० च्या अम्फानमध्ये दोन डझनांच्या आसपास. निवारे, सायकलवरून भोंगे घेऊन फिरणारे स्वयंसेवक आणि लाल झेंडे यांनी हे साधले. ओडिशानेही १९९९ च्या महावादळानंतर तेच केले. हवेत मात्र बांगलादेशाची अवस्था आपल्यापेक्षाही वाईट आहे, २०२३ मध्ये हवेतल्या सूक्ष्म कणांच्या सरासरीत तो देश जगात पहिला होता. वीटभट्ट्यांच्या मोसमात ढाक्याहून परतल्यावर माझा रुमाल आठवडाभर काळा निघायचा. अल्पसंख्य म्हणून जगण्यातली धास्ती तर या दोन्ही देशांत कोणत्याच निर्देशांकात येत नाही, आणि ती ज्याच्या वाट्याला येते त्याला बाकीचे सगळे आकडे पोकळ वाटतात.

आता सरासरीबद्दल, कारण लघुप्रबंधात तुम्ही इथेच अडकाल. बांगलादेशाचे क्षेत्रफळ १,४७,५७० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून कमी, आणि २०२२ च्या जनगणनेनुसार लोक सुमारे सतरा कोटी. जवळजवळ सगळे एक भाषा बोलणारे, एकाच गाळाच्या सपाट जमिनीवर राहणारे. अशा देशाची सरासरी बऱ्यापैकी अर्थपूर्ण असते. भारताची तशी नसते. पाच वर्षांखालील बालमृत्यू केरळात ५.२, महाराष्ट्रात २८.०, उत्तर प्रदेशात ५९.८, या तिघांच्या मधोमध कुठेतरी ४१.९ हा आकडा उभा आहे आणि तिथे प्रत्यक्षात फार थोडे लोक राहतात. बांगलादेशाच्या ३१ शी महाराष्ट्राचा २८ जुळतो, पण खुजेपणात महाराष्ट्र ३५.२ टक्क्यांवर आहे, म्हणजे बांगलादेशाच्या कितीतरी मागे, आणि तेही त्यांच्याहून पुष्कळ जास्त उत्पन्न असताना. माझ्या मते तुमच्या लघुप्रबंधाचा खरा प्रश्न इथे दडलेला आहे.

शेवटी एक सुचवते. देशासमोर देश न ठेवता कुडीग्रामसमोर कूचबिहार ठेवा. तीच नदी, तोच भात, तीच बोली, आणि मध्ये १९४७ ची रेघ. त्या भागात १ ऑगस्ट २०१५ पर्यंत बांगलादेशाच्या पोटात भारताच्या १११ आणि भारताच्या पोटात बांगलादेशाच्या ५१ वस्त्या होत्या, ज्यांना छिटमहल म्हणत. अदलाबदल झाली तेव्हा तिथल्या लोकांना कोणत्या देशात राहायचे ते निवडायला सांगितले गेले. जगण्याचा दर्जा कुठे चांगला हा प्रश्न इतक्या थेटपणे फार थोड्या माणसांना विचारला गेला असेल. भारताच्या वस्त्यांमधल्या सदतीस हजारांवर लोकांपैकी जेमतेम हजारभर भारतात आले. दुसऱ्या बाजूने कोणीही गेले नाही. बाकीचे जिथे त्यांची भातखाचरे होती तिथेच राहिले. त्या मूठभर आलेल्यांना पुढे कूचबिहारमध्ये काय मिळाले आणि मागे राहिलेल्यांना कुडीग्राममध्ये काय मिळाले, हे घरोघर जाऊन विचारता येण्यासारखे आहे. मार्चपूर्वी जा, जूननंतर चरांवर होडीशिवाय पोचता येत नाही, आणि भाताची लावणी सुरू झाली की दुपारपर्यंत कोणत्याच घरात कोणी भेटत नाही.